मॉडिफाइड गाडीचे टोचन आणि विमा: पॉलिसीतली सोय घ्यावी की आपला फ्लॅटबेडवाला ठेवावा?

पुढच्या बंपरखाली फायबरचा लिप (जमिनीलगत येणारी पट्टी), दोन्ही बाजूंना दारांखाली तशाच पट्ट्या, म्हणजे साइड स्कर्ट, आणि डिकीत अँप्लिफायर अशी सेडान बाळगणाऱ्यापुढे पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी दोन मार्ग असतात. विमा कंपनीची रोडसाइड असिस्टन्सची, म्हणजे रस्त्यात अडलेल्या गाडीला मदतीची, जोड (अॅड-ऑन) घ्यावी आणि टोचनाची चिंता तिच्यावर सोपवावी, हा पहिला. दुसरा असा, की पॉलिसीत सगळे बदल नोंदवून घ्यावेत, पण टोचनासाठी ओळखीचा फ्लॅटबेडवाला (अख्खी गाडी सपाट ट्रकवर चढवून नेणारा) ठेवून त्याचे पैसे वेळ येईल तेव्हा स्वतः मोजावेत. मी दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत. बदल कंपनीपासून लपवणे हा तिसरा मार्ग मी विचारातच घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार परवानगी नसलेल्या बदलांना 2019 च्या दुरुस्तीपासून मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि अशा बदलांच्या बाबतीत पॉलिसीकडूनही फारशी आशा ठेवता येत नाही.

हप्त्यात दोन्ही मार्गांमध्ये विशेष फरक नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे इतरांच्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवते. नंतर बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी साधारणपणे त्यांच्या किमतीच्या 4 टक्के हप्ता वाढतो, म्हणजे 40,000 रुपयांच्या म्युझिक सिस्टिममागे वर्षाला 1,600 रुपये. लिप आणि स्कर्ट यांची किंमत बिलासह वेगळी नोंदवून घ्यावी. पॉलिसीत त्यांचा उल्लेख नसेल, तर सर्वेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातून त्या ओळी खोडतो आणि त्यावर वाद घालायला आपल्याकडे काही उरत नाही.

कागदावर रोडसाइड असिस्टन्स फार स्वस्त वाटते. मला ती वर्षाला काहीशे रुपयांना मिळाली होती. मूळ पॉलिसीत खाजगी गाडीच्या टोचनासाठी 1,500 रुपयांची मर्यादा असते आणि तीही अपघातानंतरच लागू होते, बंद पडलेल्या गाडीला तिचा उपयोग नाही. त्यामुळे ही जोड घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. साध्या, उंच गाडीसाठी मीही तीच घेईन.

माझा निर्णय फिरला तो खंबाटकी घाटात क्लच गेला तेव्हा. फोनवर मी फ्लॅटबेडच पाठवा असे स्पष्ट सांगितले होते, तरी आली ती पुढची चाके उचलणारी क्रेन. तिचा लोखंडी दांडा बंपरखाली सरकवायला जागाच नव्हती. क्रेनवाल्याने वाकून पाहिले, लिपवर बोट टेकवले आणि एक छापील कागद पुढे केला, ज्यावर टोचन करताना होणारे नुकसान मालकाच्या जबाबदारीवर असल्याचे लिहिले होते. सही केली नाही तर गाडी उचलणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्या माणसावर माझा राग नाही, कारण त्याला पाठवणाऱ्याने त्याला काहीच सांगितले नव्हते. पण ज्या जोखमीसाठी मी पैसे भरले होते तीच घाटात पावसात सहीसाठी माझ्यापुढे धरली जावी, हे मला अजूनही मान्य नाही.

त्या कागदाची किंमत हिशेबात मांडता येते. समजा लिप 6,000 रुपयांचा आहे आणि तो फुटला. वाहतुकीत झालेले नुकसान पॉलिसीच्या कक्षेत येते, म्हणून दावा करता येईल. फायबरवर 30 टक्के घसारा म्हणजे 1,800 रुपये गेले, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीवरची सक्तीची वजावट (प्रत्येक दाव्यात मालकाने सोसायची रक्कम) 1,000 रुपये गेली, हाती 3,200 आले. आता ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता 9,000 रुपये असेल आणि 50 टक्के नो क्लेम बोनसमुळे (दावा न केल्याबद्दलच्या सवलतीमुळे) आपण 4,500 भरत असू, तर या दाव्याने तो बोनस जातो आणि पुढच्याच वर्षी 4,500 रुपये जास्त भरावे लागतात. घसारा कापू न देणारी झीरो डेपची जोड घेतली असली तरी बोनसचा प्रश्न तसाच राहतो, कारण तो बहुधा स्वतंत्र जोड घेतल्याशिवाय वाचत नाही. म्हणजे बंपरवरचा ओरखडा शेवटी आपल्याच खिशातून भरून निघतो.

फ्लॅटबेडवाला महाग आहे, हे मान्यच करावे लागेल. घाटातून पुण्यापर्यंत त्याने माझ्याकडून पाच-सहा हजार रुपये घेतले आणि रात्री तो याहून जास्त मागतो. पण तो रॅम्पखाली लाकडी फळ्या लावून चढ कमी करतो, टो हुक (गाडी ओढायचा आकडा) हाताने बसवतो, विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, गाडी इंचाइंचाने वर घेतो आणि पट्टे सस्पेन्शनला न बांधता टायरवरून ओढतो. शिवाय तो गाडी मी म्हणेन त्या गॅरेजला सोडतो, त्यामुळे विमा कंपनीशी जोडलेल्या जवळच्या नेटवर्क गॅरेजमधल्या मेकॅनिकला बदललेली गाडी पहिल्यापासून समजावून सांगावी लागत नाही.

वर्षभर राज्याबाहेर फिरणाऱ्याला माझा मार्ग कदाचित पुरणार नाही, कारण ओळखीचा माणूस हुबळीला किंवा वापीला येत नाही. अशा वाचकाने जोड जरूर घ्यावी, मात्र पैसे भरण्यापूर्वी फ्लॅटबेडची हमी आणि टोचनाची कमाल किलोमीटर मर्यादा कंपनीकडून ईमेलवर लेखी मागावी. पुणे, सातारा, कोल्हापूर एवढ्यातच गाडी फिरत असेल, तर मी तेच काहीशे रुपये लिप आणि स्कर्ट पॉलिसीत चढवण्यावर खर्च करीन आणि फ्लॅटबेडवाल्याचा नंबर गाडीच्या कागदांसोबत ठेवीन.