डच राजकारण एकाच आयुष्यातून समजून घ्यायचं, तर वीखेल की टेरलाऊ?

नेदरलँड्समध्ये राहायला आल्यावर इथलं राजकारण एकाच माणसाच्या आयुष्यातून समजून घ्यायचं मी ठरवलं. शेवटी दोन नावं उरली: व्हीव्हीडी या उजवीकडे झुकणाऱ्या उदारमतवादी पक्षाचे हान्स वीखेल आणि डी-६६ या मध्यममार्गी उदारमतवादी पक्षाचे यान टेरलाऊ. दोघांनी हेगमध्ये, म्हणजे संसद आणि सरकार जिथे बसतं तिथे, पक्ष चालवला, दोघे मंत्री झाले, मग प्रांतात राणीचे आयुक्त आणि पुढे सेनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात. (आयुक्त निवडून येत नाही, नेमला जातो, पण प्रांताच्या सभेचा आणि कार्यकारी मंडळाचाही अध्यक्ष तोच. आपल्या राज्यपालांसारखा समजलात तर घोटाळा होईल.)

सत्तेची गणितं शिकायची असतील तर वीखेल सरस, हे आधीच सांगतो. तिशी गाठायच्या आत त्यांच्याकडे संसदेतल्या पक्षाचं नेतृत्व आलं. १९७७ साली मजूर पक्षाला सर्वाधिक ५३ जागा मिळाल्या, तरी सरकार बनवलं ते ख्रिश्चन डेमोक्रॅट नेते फान आख्त आणि वीखेल यांनी. १९९९च्या मे महिन्यातली सेनेटची ती रात्र तर चुकवूच नका. सार्वमताच्या घटनादुरुस्तीला ५० मतं हवी होती, ४९ पडली. सत्ताधारी पक्षाच्या वीखेल यांनी विरोधात मत दिलं आणि मंत्रिमंडळाने राजीनामा देऊ केला.

माझं घोडं अडलं ते वीखेल जिथे आयुक्त होते त्या फ्रीसलँड प्रांतापाशी. १९८२ ते १९९४, तब्बल बारा वर्षं ते तिथल्या राजधानीत, लेउवार्डनला होते. पण मी जे जे वाचलं, त्यात या वर्षांबद्दल प्रश्न एकच: ते हेगला परत कधी येणार? प्रांत म्हणजे जणू स्टेशनावरची प्रतीक्षालयाची खोली. दोष कदाचित लिहिणाऱ्यांचा असेल, वीखेल यांचा नसेलही. पण मला प्रांताचा कारभार समजून घ्यायचा होता, आणि नेमका तोच हाती लागेना. दर वेळी त्या प्रकरणाशी आलो की पुस्तक मिटावंसं वाटायचं.

टेरलाऊ मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, शिवाय मुलांसाठी लिहिणारे. त्यांची डच भाषा माझ्यासारख्या शिकाऊ माणसालाही झेपते, हा मोठाच फायदा. बंद पडायला आलेला पक्ष त्यांनी ६६,६६६ सह्या मागून उभा केला. १९८१ला १७ जागा, पुढच्याच वर्षी ६. या पडझडीनंतर काही वर्षं पॅरिसला काढून १९९१ साली ते खेल्डरलँड प्रांताचे आयुक्त झाले.

आणि मग १९९५. जानेवारी संपता संपता खेल्डरलँडमधली वाल नदी फुगली, बांध भिजून मऊ पडले आणि सुमारे अडीच लाख माणसांना घरं सोडावी लागली. बांध टिकले. महापौर, जलमंडळ (बांध आणि पाणी सांभाळणारी स्थानिक संस्था), प्रांत आणि हेग यांत कोणाचा शब्द कुठे चालतो, हे मला या एका आठवड्याच्या हकिकतीतून जितकं कळलं तितकं नागरिकशास्त्राच्या वर्गात कळलं नव्हतं. वालच्या काठच्या ओख्तन गावच्या बांधावर मी दोनदा जाऊन आलो. तिथल्या एका आजोबांनी गायी ट्रकमध्ये चढवतानाची घाई सांगितली, तेव्हा त्यांचा आवाज अजून कापत होता.

तुम्हाला संसदेतले डावपेच आवडत असतील तर वीखेल घ्या, पस्तावणार नाही. मी टेरलाऊंची वाट धरली. तुम्हीही तीच धरलीत, तर सुरुवात १९९५पासूनच करा. मंत्रिपद नंतर वाचलं तरी चालेल.