नागावजवळचं मेक्सिकन कॅफे: जेवण मस्त, पण ते 'लिटल रोजमेरी' नाव बदला प्लीज

गेल्या रविवारी नागावच्या बाजूला नवीन निघालेल्या मेक्सिकन कॅफेत गेलो होतो, मी, नवरा आणि सासूबाई. टाको ठीकठाक, ग्वाकामोले चांगलं, बसायला माडांखाली जागा आहे, पार्किंग बेताचंच. मला लिहायचंय ते एकाच डिशबद्दल.

मेनूवर इंग्रजीत 'लिटल रोजमेरी इन मोले', ३८० रुपये. रोजमेरीचा उग्र वास मला झेपत नाही म्हणून मी नकोच म्हणत होते, तर वाढणारा पोरगा हळूच म्हणाला, "ताई, ती आपली मोरस आहे हो, खाडीवरची." मोरस म्हणजे आमच्याकडची खारट पालेभाजी, नाव ऐकल्यावर सासूबाईंनी मला विचारलंसुद्धा नाही, थेट ऑर्डर दिली!

मग मालकीणबाईंशी बोलणं झालं. मूळ नाव रोमेरितोस. स्पॅनिशमध्ये रोमेरो म्हणजे रोजमेरी, या भाजीची पानं तशीच बारीक सुईसारखी दिसतात म्हणून तिला छोटी रोजमेरी म्हणायला लागले, बाकी रोजमेरीशी तिचं काही नातं नाही, ना वास ना चव. ही सुएडा नावाच्या वनस्पती-गटातली, खाऱ्या जमिनीत येणारी, आणि आपली मोरस पण सुएडाच, जात वेगळी पण भावकी एक. तिकडे नाताळात आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत ती हमखास करतात, मिरच्या, तीळ, दाणे, थोडं चॉकलेट वाटून केलेल्या मोलेमध्ये, सोबत बटाटे आणि निवडुंगाचे तुकडे, आणि त्यात सुक्या कोळंबीच्या वड्या. सुकी कोळंबी म्हणजे आपले सोडेच की! आमच्याकडे मोरस उकडून, पिळून, सुकट घालून करतात आणि वरून मीठ अजिबात घालत नाहीत, ते भाजीतच असतं. इतक्या लांबच्या दोन खाऱ्या मुलखांतल्या बायकांना एकच जोडी सुचली, मला तर खाता खाता भरून आलं.

इथे रोमेरितोस मिळत नाहीत म्हणून मोरस वापरतात, सोडे कुटून वड्या करतात. मोले दाट, तिखट, शेवटी किंचित कडवट, एकदम भारी. फक्त भाजी अजून एकदा पिळायला हवी होती, थोडी खारट लागली.

पण एवढी चांगली डिश चुकीच्या नावामुळे कुणी मागवतच नाही म्हणे. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं की असंच होतं, रोजमेरीवाले हिरमुसतात आणि मोरसवाल्यांना कळतच नाही. नवरा म्हणाला इंग्रजीत सी-ब्लाइट म्हणतात तेच लिहा, पण ते वाचून कुणाला भूक लागणारे? टोमॅटो, चॉकलेट हे शब्द तिकडच्या नाहुआत्ल भाषेतून निघाले आणि जगभर जवळपास तसेच चालले, आपणही तेच म्हणतो, मग रोमेरितोसच का बदलायचं? तिकडे असल्या पाल्याला केलितेस म्हणतात, हा पण नाहुआत्लमधून आलेला शब्द, इंग्रजीत त्याचं कधीकधी चक्क 'वीड्स' म्हणजे तण करून टाकतात. आपल्याकडे 'रानभाजी' हा किती नेमका शब्द आहे, टाकळा-कुर्डू खाणाऱ्या माणसाला एका शब्दात कळेल.

मी तिथेच कागदावर 'रोमेरितोस, म्हणजे मोरस, सोड्याच्या वड्यांसोबत' असं लिहून दिलं. बाईंनी ते काउंटरला लावलं, मेनू पुढच्या छपाईत बदलते म्हणाल्या.

चार स्टार. जाणार असाल तर आधी फोन करून विचारा, खाजणातून ताजी भाजी आली त्याच दिवशी करतात.