एसएटीतला डेस्मॉस: समीकरणं सोडवायला कितपत कामाचा?

एसएटी ही अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा कागदावरून संगणकावर गेली (अमेरिकेबाहेर मार्च २०२३, अमेरिकेत मार्च २०२४) आणि गणिताच्या अख्ख्या विभागात कॅल्क्युलेटर चालू लागला. ही परीक्षा ज्यात देतात त्या ब्लूबुक अॅपच्या आतच डेस्मॉसचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर मिळतो. एकूण ४४ प्रश्न, ७० मिनिटं, २२-२२ प्रश्नांचे दोन भाग. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम दीड मिनिट. यातले १३ ते १५ प्रश्न रेषीय बीजगणिताचे आणि तितकेच वर्गसमीकरणं वगैरे पुढच्या बीजगणिताचे. त्यामुळे डेस्मॉसचा कस लागतो तो समीकरणांवरच. मत आधीच सांगून टाकतो: मांडलेलं समीकरण सोडवायला फर्स्ट क्लास, शाब्दिक उदाहरणातून समीकरण मांडायला काडीचा उपयोग नाही, आणि स्थिरांक काढायला सांगितला की वेळ खातो.

(खाली क्ष म्हणजे कीबोर्डवरचा एक्स, य म्हणजे वाय.)

एकसामायिक समीकरणं हा त्याचा हातखंडा. ३क्ष − २य = १६ आणि ५क्ष + ४य = १२ ही जशी दिलीत तशीच दोन ओळींत टाइप करा. 'य = …' असं मांडून घ्यायची गरज नाही. रेषा जिथे छेदतात त्या करड्या ठिपक्यावर क्लिक केलं की (४, −२) दिसतं. पण प्रश्न पुष्कळदा क्ष विचारतच नाही, ८क्ष + २य किती ते विचारतो. दोन्ही समीकरणांची नुसती बेरीज केली की २८ समोर येतात, कॅल्क्युलेटरची खिडकी उघडायच्या आत. काय विचारलंय ते आधी वाचायचं, मग टाइप करायचं.

एकाच चलाचं समीकरण असेल, समजा ४(क्ष − ३) = २क्ष + १०, तर ते अख्खं एका ओळीत टाकल्यावर पडद्यावर काहीच दिसत नाही आणि मुलं गोंधळतात. समीकरण बरोबरच असतं. उत्तर ११ आहे आणि सुरुवातीचा आलेख साधारण −१० ते १० एवढाच दाखवतो, त्यामुळे उभी रेषा चौकटीबाहेर राहते. झूम आउट केलं की सापडते. त्यापेक्षा दोन्ही बाजू वेगळ्या ओळींत य = ४(क्ष − ३) आणि य = २क्ष + १० अशा टाकलेल्या बऱ्या. रेषा निदान दिसतात, झूम आउट केलं की छेदनबिंदू (११, ३२) मिळतो आणि उत्तर त्यातलं पहिलं. ३२ लिहून येणारे कमी नसतात! प्रश्नात क्षऐवजी टी किंवा एन असेल तर टाइप करताना तिथे क्ष घाला, नाहीतर डेस्मॉस त्या अक्षराला स्थिरांक समजून स्लायडर (ओढून किंमत बदलायची पट्टी) देऊ करतो.

वर्गमुळाच्या समीकरणांत मात्र डेस्मॉस हातापेक्षा सरस आहे. √(क्ष + ७) = क्ष − ५ चा हाताने वर्ग केला की क्ष² − ११क्ष + १८ = ० मिळतं, म्हणजे ९ आणि २. पर्यायांत दोन्ही असतात. २ घालून पाहिलं तर डावीकडे ३ आणि उजवीकडे −३, म्हणजे ही उकल खोटी. वर्ग केल्यावर चिन्हाचा फरक पुसला जातो, म्हणून ती घुसते. दोन्ही बाजूंचे आलेख काढले तर छेदनबिंदू एकच, (९, ४), आणि पडताळा वेगळा करावा लागत नाही.

तीन बिंदूंतून जाणारा पॅराबोला शोधतानाही तेच: बिंदू टेबलमध्ये भरायचे आणि बरोबरच्या चिन्हाऐवजी '~' वापरून रिग्रेशन (बिंदूंना बसणारं समीकरण शोधायची सोय) चालवायचं. तीन समीकरणं सोडवायचा घाम वाचतो.

आता तक्रारी. ४क्ष − ६य = १० आणि ६क्ष + क·य = ७ यांना उकल नाही, तर क किती? बरेच जण इथे स्लायडर ओढत बसतात. क = −८.९ ला रेषा डोळ्यांना समांतरच दिसतात. खरं उत्तर −९. पहिल्या समीकरणात ६यच्या जागी ७य असतं तर उत्तर −१०.५ आलं असतं, आणि स्लायडर आपणहून −१० ते १० मध्येच फिरतो. सहगुणकांचं गुणोत्तर मांडा: ४/६ = −६/क. पंधरा सेकंदांचं काम. शेवटच्या ७ च्या जागी १५ असते तर याच क ला दोन्ही रेषा एकच झाल्या असत्या आणि उकली अनंत; त्यामुळे स्थिरपदांकडेही एक नजर टाकायची.

'अमुक अक्षराची किंमत बाकीच्या अक्षरांत सांगा' या प्रकारात डेस्मॉस कर्ता बदलून देत नाही. तिथे कागद-पेन्सिलच.

अपूर्णांकांचंही एक आहे. आलेखावर १७/७ हे २.४२९ असं दिसतं. उत्तर स्वतः भरायचं असेल तर हे चालतं, कारण चौकटीत धन उत्तराला ५ जागा असतात (ऋण असेल तर वजाचं चिन्ह धरून ६) आणि दशांशाने ती पूर्ण भरायला हवी. २.४२ लिहिलंत तर चूक. १७/७ लिहिलं तर हा प्रश्नच नाही. बहुपर्यायी प्रश्नात ३ + √५ सारखे पर्याय आले तर एकेक टाइप करून ५.२३६ शी जुळतो तो निवडा. आणि साडेतीन लिहायचे असतील तर ७/२ किंवा ३.५ लिहा, ३ लिहून पुढे १/२ जोडलंत की चौकटीत ३१/२ होतं.