बाळंतिणीकडे आधी पाहणारी सेवा : देवगड-मालवण भागातील घरपोच शेक-मालिश

देवगड आणि मालवण तालुक्यांतील किनाऱ्यालगतच्या गावांत बाळंतिणीची मालिश, अंघोळ आणि शेक घरी येऊन करणाऱ्या स्त्रिया पूर्वीपासून आहेत. माझ्या पहिल्या बाळंतपणात, माहेरी असताना, अशाच दोन मावशींची सेवा आम्ही सव्वा महिन्यासाठी घेतली. त्यांचा व्यवसाय पाटी लावून नव्हे, तर ओळखीतून चालतो, त्यामुळे येथे त्यांचे नाव देत नाही. मात्र अशी सेवा ठरवताना काय पाहावे आणि कोणत्या गोष्टीला स्पष्ट नकार द्यावा, हे इतर घरांना कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बाळ जन्मल्यावर घरातील सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे वळते, आणि ज्या शरीरातून ते आले त्या शरीराची विचारपूस बहुधा 'दूध येते ना?' या एका प्रश्नावर थांबते. थोरल्या मावशी याच्या नेमके उलट वागत. त्या आल्या की आधी माझ्याजवळ बसत, अंगावरून किती जाते, त्याला वास आहे का, ताप आला होता का, लघवीला जळजळ होते का, हे विचारत आणि मगच बाळाला हात लावत. मालिशीपूर्वी दोन्ही पोटऱ्या उघड्या करून त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहत. एकच पाय सुजलेला, लाल किंवा दुखरा असेल तर त्या तेल लावत नाहीत, थेट दवाखान्यात पाठवतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो आणि अशा पायाला चोळणे जिवावर बेतू शकते. हे त्यांना कोणी शिकवले मला ठाऊक नाही, पण या एका सवयीवरूनच मी त्यांना नि:शंक पसंती देईन.

माझे सिझेरियन झाले होते. टाक्यांच्या जागेला आणि पोटाला त्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत हात लावला नाही. आजीने पोट घट्ट बांधण्याचा आग्रह धरला, तेव्हाही त्यांनीच तिला समजावले. खोबरेल तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून ते कोमट करायचे, आधी स्वत:च्या मनगटावर थेंब टाकून पाहायचे आणि मग कंबर, पाठ, मान, खांदे असे सावकाश उतरवायचे, ही त्यांची पद्धत होती. बाळाला पाजताना वाकून वाकून आखडलेली मान त्या हातांखाली सुटत असे. मालिशीने गर्भाशय लवकर आकसते, असे त्या म्हणत नाहीत. त्याला सुमारे सहा आठवडे लागतातच, ते त्या सरळ सांगतात.

खाण्याच्या बाबतीत त्यांचा सल्ला आपल्या भागाला धरून आणि समंजस होता. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि तूप, दुपारी कुळथाची पिठी, ओल्या खोबऱ्यातले अळिवाचे लाडू, आणि मासे चालत असतील तर मोरी माशाचे कालवण. पाणी कमी प्यावे, नाहीतर पोट सुटते, हा जुना समज त्यांनी मोडून काढला. दूध पाजणाऱ्या आईला तहान लागेल तितके पाणी मिळायलाच हवे. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत का, हेही त्या विचारत. या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात आणि बहुतेक घरांत त्या बारशानंतर विसरल्या जातात.

तरीही या सेवेचे खरे मोल मला मनाच्या बाबतीत कळले. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. माझे ओसरले नाही. बाळ शांत झोपलेले असतानाही मला झोप लागत नसे, अन्न नकोसे वाटे आणि आपण या मुलाला सांभाळण्यास नालायक आहोत, हा विचार दिवसभर पाठ सोडत नसे. घरात दृष्ट काढणे झाले, कोणी बाहेरची बाधा म्हणाले. एका सकाळी पाठीला तेल लावता लावता मावशींनी हळूच विचारले, "बाळ निजला तरी तुका झोप येना नाय काय गो?" मी रडू लागले. त्यांनी हात न थांबवता माझे सगळे ऐकून घेतले आणि नंतर आईला ओटीवर बोलावून सांगितले, "बाधा-बिधा काय नाय, हिका डॉक्टरांक दाखवा."

डॉक्टरांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. एडिंबरो येथे तयार झालेली आणि 1987 साली प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली मागील सात दिवसांतील मन:स्थितीविषयी विचारते, आणि तिच्यातील शेवटचा प्रश्न स्वत:ला इजा करण्याच्या विचारांविषयीचा असतो. प्रसूतीनंतरचे नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे आणि स्तनपान सुरू ठेवूनही घेता येतील अशी औषधे डॉक्टर देऊ शकतात, हे ऐकूनच आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ज्यांच्या गावाजवळ मानसोपचारतज्ज्ञ नाहीत त्यांनी केंद्र सरकारच्या 'टेली मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तो नि:शुल्क आहे आणि रात्रीही लागतो.

आता उणिवा. धाकट्या मावशी बाळाच्या नाकात आणि कानात तेलाचे थेंब सोडू पाहत होत्या. नाकातले तेल श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज येऊ शकते, त्यामुळे आम्ही ते पहिल्याच दिवशी थांबवले. दुसरी गोष्ट धुरीची. दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांच्या शेगडीवर ओवा-बाळंतशेपा टाकून खोली धुराने भरणे ही प्रथा दोघींनाही प्रिय आहे. बंद खोलीतील निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि बाळंतीण व बाळ दोघांच्याही जिवाला तो घातक ठरू शकतो. आम्ही शेकासाठी गरम पाण्याची पिशवी दिली, त्यांनी ती थोड्या नाराजीने का होईना स्वीकारली. हे बोलणे पहिल्या दिवसाआधीच व्हावे, कारण नंतर घरातील वडीलधाऱ्यांसमोर नकार देणे नव्या आईला फार जड जाते.

ही सेवा वैद्यकीय तपासणीची जागा घेऊ शकत नाही, आणि थोरल्या मावशी तसा दावाही करत नाहीत. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येणे अपेक्षित असते. त्या भेटी बाळाचे वजन करून संपू देऊ नयेत, आईनेही स्वत:ची तक्रार तेव्हा मोकळेपणाने सांगावी. तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतके रक्त जाणे, तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी येणे, थंडी वाजून ताप येणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर कोणाचीही वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दर मुंबईच्या मानाने माफक आहे आणि तो आठवड्याच्या हिशेबाने ठरतो; साबण, तेल आणि कपडे आपले. पावसाळ्यात एस.टी. चुकली किंवा सखल भागात पाणी भरले तर खाडा होतो, त्याचे पैसे त्या घेत नाहीत. गणपतीत दोघीही घरच्या पूजेसाठी रजेवर असतात, म्हणून ज्यांची तारीख भाद्रपदाच्या आसपास आहे त्यांनी सातव्या महिन्यातच बोलून ठेवावे आणि त्या दिवसांसाठी घरातील कोणाला तरी मालिश शिकवून ठेवायला त्यांना सांगावे. विचारले तर त्या आनंदाने शिकवतात.