दंडावरची सोनोग्राफी की बोटावरचा सेन्सर?

रक्तवाहिनीच्या अस्तरावर, म्हणजे एन्डोथेलियमवर, प्रबंध करायचं ठरलं की पहिला पेच मोजमापाचा. माणसात, विनासुई मोजायचं तर मुख्य मार्ग दोन आहेत. दोन्हींत रक्तदाब मोजायचा पट्टा (कफ) हातावर बांधून, फुगवून हाताचा रक्तपुरवठा साधारण 5 मिनिटं थांबवतात आणि मग सोडतात. रक्ताचा लोंढा येतो, निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी रुंदावते. फरक पडतो तो आपण कुठे बघतो यात.

पहिल्या पद्धतीत, एफएमडीत (फ्लो-मीडिएटेड डायलेशन, म्हणजे प्रवाहामुळे होणारं रुंदावणं), दंडातली धमनी सोनोग्राफीवर बघतात. सेलरमेजर आणि डीनफील्ड यांच्या गटाने 1992 मध्ये ती मांडली. इथे मोठी धमनी थेट दिसते, आणि अथेरोस्क्लेरोसिसच्या, म्हणजे धमन्यांत चरबीचे थर साचण्याच्या, प्रश्नाला तेच हवं असतं. पण हिशेब करून बघा: 4 मिलिमीटरची धमनी 5 टक्के रुंदावली तर फरक जेमतेम 0.2 मिलिमीटर. प्रोब किंचित सरकला की निष्कर्षच सरकला! रुग्ण उपाशी हवा. चहा-कॉफी-सिगारेट नको, खोलीचं तापमानही स्थिर हवं. हात बसायला महिने लागतात. पहिल्या काही डझन तपासण्या सरळ सरावात धरा. शेवटी नायट्रोग्लिसरीन, म्हणजे अस्तराला वगळून थेट स्नायू सैल करणारं औषध, देऊनही बघावं लागतं. त्यानेही धमनी रुंदावली नाही, तर दोष अस्तराचा नसून खालच्या स्नायूचा असू शकतो.

बोटावरचा सेन्सर, म्हणजे पॅट (पेरिफेरल आर्टेरियल टोनोमेट्री), या कटकटी बऱ्याच वाचवतो. नाडीच्या ठोक्यागणिक बोटाचं आकारमान किती बदलतं ते यंत्र टिपतं, दुसरा हात तुलनेला असतो आणि आकडा यंत्रच काढतं. चार केंद्रांवर चार तंत्रज्ञ असतील तर याची सोय मोठी. मात्र हे सूक्ष्म वाहिन्यांचं चित्र आहे. त्यात नायट्रिक ऑक्साइडचा वाटा अर्धवट आणि स्वायत्त मज्जासंस्थेची लुडबुड भरपूर. एकदाच वापरायच्या सेन्सरचा खर्च वेगळाच.

'कुठलीही घ्या, अस्तर तर एकच' हा युक्तिवाद मला पटत नाही. फ्रॅमिंगहॅमच्या, म्हणजे अमेरिकेतल्या दीर्घकालीन हृदयरोग-पाहणीच्या, अभ्यासात एकाच माणसांचे हे दोन आकडे आपसात फारसे जुळले नाहीत. म्हणून एकीचा निकाल दुसरीच्या नावावर खपवू नये.

हृदयाच्या धमनीत ॲसिटिलकोलीन (अस्तराला चेतवणारं द्रव्य) सोडून बघणं अधिक थेट. अमेरिकी शास्त्रज्ञ फर्चगॉट यांनी 1980 मध्ये सशाच्या महाधमनीवर दाखवलं होतं की अस्तर शाबूत असेल तरच हे द्रव्य वाहिनी सैल करतं. पुढे 1986 मध्ये रोगट हृदयधमन्या त्यानेच आकुंचन पावताना दिसल्या. पण त्याला कॅथेटर, म्हणजे धमनीत सरकवायची बारीक नळी, लागतो. केवळ प्रबंधासाठी निरोगी माणसाला त्यात ओढायला नीतिसमिती सहसा राजी होणार नाही.

मधुमेहातल्या सूक्ष्म वाहिन्या किंवा अनेक केंद्रं असतील तर मी पॅट घेईन. धूम्रपान, कोलेस्टेरॉल, मोठ्या धमन्या असा विषय असेल आणि तोच एक तंत्रज्ञ वर्षभर टिकणार असेल, तर एफएमडी. तंत्रज्ञ टिकण्याची खात्री नसेल, तर मोठ्या धमनीचा प्रश्नच बदललेला बरा.