मॅसिव्ह की फाइन वायर? भांडण खालच्या प्लगांचं

छोट्या विमानाची शंभर तासांची तपासणी जवळ आली की स्पार्क प्लग कुठले घ्यायचे हा विषय निघतोच. माझ्या चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एक वरचा आणि एक खालचा असे दोन प्लग. तिथे आधी मॅसिव्ह (जाड इलेक्ट्रोडचे) प्लग वापरले, आता फाइन वायरवर (बारीक तारेच्या इलेक्ट्रोडचे) आहे. कट्टर वगैरे नाही, पण परत मागे जाईन असं वाटत नाही.

मॅसिव्हची बाजू लंगडी मुळीच नाही. फाइन वायरच्या जवळपास एक तृतीयांश किमतीत मिळतात, ब्लास्टिंगने (बारीक कणांचा झोत मारून) साफ होतात, धसमुसळेपणाही थोडाफार सोसतात. चारशे-पाचशे तास निघतात. मधला इलेक्ट्रोड झिजून लंबगोल दिसू लागला की निरोप द्यायचा. फाइन वायर तब्येतीत असतील तर इंजिनाच्या ओव्हरहॉलपर्यंत (पूर्ण उघडून दुरुस्ती) चालतात म्हणे, पण वर्षाला पन्नास तास उडणाऱ्याने तो हिशोब मांडण्यात काय अर्थ? नुसते पैसे बघायचे तर मॅसिव्हच घ्या.

मला छळलं ते शिशाने. १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलच्या नावातलं ‘लो लेड’ (कमी शिसं) फसवं आहे, लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं. ते धुराबरोबर बाहेर जावं म्हणून इंधनात ब्रोमाइडही असतं, पण प्लगचं नाक (आतलं चिनीमातीचं टोक) पुरेसं तापलं तरच त्याचा उपयोग. रिच (इंधन जास्त असलेल्या) मिश्रणावर रेंगाळत टॅक्सी केली, म्हणजे विमान जमिनीवर चालवलं, की नाक थंड राहतं आणि शिसं खालच्या प्लगांत साठतं.

एका सकाळी शेजारी पहिल्यांदाच बसलेला पाहुणा, रन-अपला (उड्डाणाआधीची इंजिन तपासणी) १८०० आरपीएम, दोनपैकी एका मॅग्नेटोवर (प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र) गेलो आणि इंजिन थडथडायला लागलं. लीन करून (मिश्रणातलं इंधन कमी करून) मिनिटभर थांबलो. फरक नाही. पाहुण्याने विचारलं, “हे असंच असतं का?” परत फिरलो, काऊल (इंजिनावरचं आवरण) काढलं. तिसऱ्या सिलिंडरच्या खालच्या प्लगात, चिनीमातीच्या नाकाच्या आणि बाहेरच्या कवचाच्या फटीत मोहरीएवढा शिशाचा मणी घट्ट बसलेला. टोच्या आत घालावा तर वरचे दोन जाड इलेक्ट्रोड आडवे, आणि जोर करावा तर चिनीमातीला तडा जायची भीती. त्या हंगामात हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा टोच्या ठेवला आणि फाइन वायर मागवले.

त्यांत इरिडियमच्या बारीक तारा असतात आणि तोंड मोकळं, त्यामुळे मण्याला दडायला जागाच कमी. तेव्हापासून मॅग्नेटोच्या तपासणीवरून परत यावं लागलेलं नाही. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच सुमारास मी जमिनीवर कडक लीन करायची सवयही लावून घेतली, तेव्हा सगळं श्रेय प्लगांना देता येणार नाही. शिवाय काढलेल्या प्लगांपैकी एकाचा रेझिस्टर (प्लगमधला विद्युतरोधक) ५००० ओहमच्या मर्यादेवर निघाला. तो मीटरने आधीच तपासला असता तर निदान एक फेरी वाचली असती. तुम्ही आधी तेवढं करून बघा. खालचे प्लग तेलाने ओले निघत असतील तर मात्र रोग पिस्टनच्या रिंगांत असू शकतो. महागडे प्लग त्यावर औषध नाहीत.

फाइन वायर नाजूक. गॅप (इलेक्ट्रोडमधली फट) फक्त कमी करायचा, चुकून जास्त दाबला गेला तर उघडायला जायचं नाही, तार मोडते. हातातून पडलेला प्लग कुठलाही असो, टाकूनच द्यायचा. फाइन वायर पडला की जीव जरा जास्त हळहळतो.

सुरुवातीला मी खालचे चारच फाइन वायर घातले होते, आणि खिसा बघता बहुतेकांना तेवढं पुरेल. अडचण एकच. अशा इंजिनात प्रत्येक प्लगला कायम एकाच ध्रुवाची ठिणगी मिळते, म्हणून एकाच बाजूची झीज होऊ नये यासाठी आपण प्लग फायरिंग ऑर्डरमधल्या (सिलिंडर पेटण्याच्या क्रमातल्या) पुढच्या सिलिंडरला, वरचा खाली असं फिरवतो. मिश्र संचात वर-खाली बंद. पण फाइन वायर झिजतातच इतके हळू की मला ते फारसं खटकलं नाही. नाक पुढे आलेले मॅसिव्हही मिळतात आणि शिशाला बरे म्हणतात, पण इंजिनाच्या मान्य प्लगांच्या यादीत ते बसतात का ते आधी बघा.

बसवताना तांब्याचा वॉशर दर वेळी नवा, अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचं वंगण) पहिला आटा सोडून अगदी थेंबभर, आणि लायकमिंग इंजिनाला ३० ते ३५ फूट-पाउंड टॉर्क. नव्या डब्यातल्या प्लगचाही गॅप मोजा. माझ्या आठांतला एक मोठा निघाला होता.