वाणसामान आणून देण्याचे पैसे: फेरीमागे की महिन्याचे?

सोसायटीतल्या आजी-आजोबांना किराणा, भाजी आणून देणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांनी आधी हे ठरवावं.

फेरीमागे २०-३० रुपये हा हिशेब सरळ आहे. परीक्षा आली की काम थांबवता येतं. घोळ होतो तो राहून गेलेल्या वस्तूंचा. सामान घरी पोचल्यावर ‘अरे, कोथिंबीर राहिलीच की’ म्हणून फोन येतो आणि दुसऱ्या फेरीचे पैसे मागायला जीभ रेटत नाही. म्हणून दर सांगतानाच बोलून घ्यावं: एक यादी, एक दुकान, पाच किलोपर्यंत ओझं. दहा किलो कणकेची पिशवी असेल तर दर वेगळा.

महिन्याचे २०० रुपये, आठवड्याला दोन फेऱ्या, वार ठरलेले. एका घरापुरतं पाहिलं तर यात फारसं काही सुटत नाही. खरा फायदा तीन घरं एकाच वारी घेतली की होतो. तेवढ्याच चालण्यात ६०० रुपये. पण मग पिशव्यांची अदलाबदल होते. प्रत्येक घराची पिशवी वेगळी, तिला फ्लॅट नंबरची चिठ्ठी, बिलं वेगळी. यादीत नुसतं ‘तूरडाळ’ नको. वजन, ब्रँड आणि तो नसेल तर काय आणायचं, हेही हवं.

तीन घरं मिळत असतील तर महिन्याचेच घ्या; औषधांच्या अचानक फेऱ्या मात्र त्यातून वगळून वेगळ्या लावा. पदरचे पैसे दोन्हीकडे घालू नका. दुकानदाराचा क्यूआर व्हॉट्सअॅपवर पाठवला की काकू घरूनच यूपीआय करतात. रोख असेल तर बिल आणि सुटे दारातच मोजून द्या.